इशारा पातळी: दुसऱ्यांदा जहाजावर निघालेल्या कसबा बावड्याच्या मुलाला

प्रश्न आहे कसबा बावड्याच्या 21 वर्षांच्या मुलाचा. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स करून तो ट्रेनी ओएस (शिकाऊ खलाशी) म्हणून टँकरवर चढला आणि नऊ महिने काढून आला. पहिले वीस दिवस रोज रात्री बंकमध्ये रडला. मधले महिने ठीक गेले. सहाव्या महिन्यानंतर झोप उडाली, कुणाशी बोलावंसं वाटेना. आता पुढच्या महिन्यात पुन्हा जॉइनिंग आहे. तो विचारतो, "काका, मन दगडासारखं कसं करायचं? आणि हे सगळं आईला सांगावं का? तिला वाटतंय मी मजेत होतो."

मी 1994 साली पहिल्यांदा इंजिनरूममध्ये उतरलो आणि 2021 साली चीफ इंजिनीअर म्हणून शेवटचा साइन ऑफ केला. मानसोपचाराचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण 27 वर्षांत किती पोरं जहाजावर आली, कोण टिकलं, कोण मधूनच उतरलं, कोण टिकलं असं नुसतं दिसत होतं, हे जवळून पाहिलंय. त्या भरवशावर लिहितो.

आधी दगडाचं. दगड व्हायच्या नादाला लागू नकोस. दगड झालेली माणसं माझ्याबरोबर होती. ती रडत नाहीत हे खरं, पण हसतही नाहीत, आणि ज्याला स्वतःचं दुखणं कळेनासं होतं त्याला पंपाचा बदललेला आवाजसुद्धा उशिरा कळतो. पहिले वीस दिवस तू रडलास यात काही बिघडलेलं नव्हतं. सारं आयुष्य पंचगंगेच्या काठावर काढलेलं पोर एकदम चहूकडे पाणी, अनोळखी माणसं आणि रात्री बाराची वॉच (पाळी) यांत पडलं, तर त्याला रडू येणारच. मी पण रडलोय, शॉवर चालू ठेवून. माझी काळजी आहे ती सहाव्या महिन्यानंतरची. तेव्हा तुला रडू येत नव्हतं, झोप येत नव्हती आणि तू गप्प झालास. खरा प्रश्न तिथे आहे.

तू बावड्याचा, म्हणून तुझ्याच दारची गोष्ट घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे माणूस उठल्या उठल्या विचारतो, "पाणी किती फुटांवर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 39 ला शहरात हाहाकार माजलेला नसतो. पण आंबेवाडी-चिखलीची माणसं तेव्हाच जनावरं हलवायला लागतात, सामान माळ्यावर चढतं, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे जातात. नदीनं वाढूच नये असा हट्ट कुणी धरत नाही. ती वाढणारच. आपण आकडा बघायचा आणि 39 ला हलायचं. जहाजावर मनाचं नेमकं हेच करायचं असतं, आणि बहुतेक पोरं 43 ओलांडून घरात पाणी शिरेपर्यंत "काय नाही, ठीक आहे" म्हणत बसतात.

मी स्वतः तसाच बसलो होतो.

2019 चा ऑगस्ट. आमचं घर तेव्हा शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. मी ब्राझीलहून लोहखनिज भरून चीनकडे निघालेल्या जहाजावर होतो. आफ्रिकेचं टोक मागे पडलं होतं, पुढे दोन आठवडे तरी जमीन नव्हती. बायकोचा मेसेज आला, "पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलंय. आम्ही वरच्या मजल्यावर. चार्जिंग संपत आलंय." त्यानंतर तीन दिवस काहीच नाही. बातम्यांच्या शीटवर दोन ओळी वाचायला मिळाल्या, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, वाहतूक बंद. त्या दिवसांत बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी कुणाला काही बोललो नाही. चीफ इंजिनीअरनं आपलं रडगाणं खालच्या माणसांना ऐकवायचं नसतं, असं तेव्हा माझं मत होतं. कामात बुडवून घेतलं. रात्री तीन तास झोप, बाकी वेळ खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी फ्युएल ऑइलचा फिल्टर साफ करायला मीच उतरलो. ते माझं काम नव्हतं, पण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती. त्या फिल्टरला दोन बाजू असतात, एक चालू आणि एक राखीव. राखीव बाजू बंद करून, आतला दाब सोडून, मगच तिचं झाकण उघडायचं. जड तेल इंजिनात जायच्या आधी 130 अंशांच्या आसपास तापवलेलं असतं आणि दाबाखाली असतं. मी पाना लावला तो चालू बाजूच्या नटाला. अर्धा फेरा फिरवला. झाकणाच्या कडेला काळ्या तेलाची बारीक रेघ उमटली आणि तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी पुन्हा जोर लावणार, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मोटरमननं माझं मनगट धरलं. तो रत्नागिरीकडचा. कानांवर मफ, खाली बोललेलं ऐकू येत नाही. त्यानं दुसऱ्या हाताचं बोट फक्त फिल्टरची बाजू बदलायच्या लिव्हरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

ते तेल उडालं असतं तर आम्ही दोघं भाजलो असतो, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर गेलं असतं तर आग. पाणी आलं होतं कोल्हापुरात, आणि त्यात बुडणार होतं तिथून हजारो मैलांवरचं जहाज.

मी वर गेलो आणि कॅप्टनना सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता सॅटेलाइट फोन माझ्यापुढे सरकवला. घरचे फोन बंद होते, म्हणून राजारामपुरीतल्या मेव्हण्याला लावला. तो म्हणाला, "दोन दिवस झाले की, बोटीनं आणलं सगळ्यांना. आता जेवतायत." दोन दिवस. जे दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं, त्यासाठी मी तीन दिवस स्वतःला आणि वीस माणसांना धोक्यात ठेवलं. त्या रात्री मी नऊ तास झोपलो.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो. जॉइनिंगच्या आधी शांत बसून आठव, सहाव्या महिन्यात तुझं 39 कशानं कळलं असतं? प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं म्हणजे मी दुसऱ्यांची कामं ओढून घ्यायला लागतो आणि चहा प्यायचा विसरतो. एक सेकंड इंजिनीअर होता, तो दाढी करायचं सोडायचा. पोरांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी खूण म्हणजे ताट उचलून केबिनमध्ये नेणं. आधी एखाद्या दिवशी, मग रोज, मग मेसमध्ये यायचंच बंद. घरचा फोन टाळणं ही आणखी एक. हातमोजे कुठे ठेवले ते विसरणं, एकच सूचना तीनदा विचारणं, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर जाणं. तुझ्या दोन-तीन खुणा कागदावर लिही. मग खिशातल्या डायरीत रोज एक ओळ: किती तास झोपलो, मेसमध्ये जेवलो का, आज कामाव्यतिरिक्त कुणाशी बोललो. मोठमोठं मनोगत लिहू नकोस, त्याचा आठवड्यात कंटाळा येतो. बंधाऱ्यावरचा माणूस कविता लिहीत नाही, आकडा लिहितो.

झोपेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोष्टी झोपेतून बिघडतात आणि झोपेतूनच सुधारतात.

नियम तुला माहीत हवा. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. ते 10 तास जास्तीत जास्त दोन भागांत तोडता येतात आणि त्यातला एक भाग सलग 6 तासांचा हवा. टँकरवर टँक क्लीनिंगच्या दिवसांत आणि बंदरात लोडिंग-डिस्चार्ज चालू असताना हे गणित कोलमडतं, हे तू पाहिलंच असशील. शीटवर मात्र सगळं छान भरलेलं असतं. ट्रेनीनं लगेच भांडायला उभं राहावं असं मी म्हणणार नाही. पण बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला (त्यालाच सारंग म्हणतात), साध्या शब्दांत सांगायला शिक, "सारंग, कालपासून चारच तास झोप झालीय, आज टँकमध्ये उतरायचंय." चांगला बोसन माणूस बदलतो, कारण बंदिस्त जागेत पेंगुळलेला माणूस म्हणजे काय हे त्यानं पाहिलेलं असतं. खोट्या आकड्यांखाली सही करायची वेळ आली, तर निदान स्वतःच्या डायरीत खरे तास लिहून ठेव.

जहाज पूर्वेला चाललं की घड्याळ पुढे ढकलतात, दर वेळी एक तास झोपेतून जातो. पश्चिमेला चाललं की तास मिळतो. पूर्वेच्या प्रवासात दुपारच्या झोपेची तयारी आधीच ठेव. पोर्टहोलच्या पडद्यातून उजेड येत असेल तर पुठ्ठा कापून लाव. जहाज रोल होत असेल तर लाइफजॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकव, म्हणजे तू भिंत आणि गादी यांच्या खोबणीत घट्ट बसतोस आणि रात्रभर स्वतःला धरून ठेवावं लागत नाही. ही जुन्या खलाशांची युक्ती आहे, मला एका भंडाऱ्यानं, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्यानं, शिकवली. फोन बंकपासून हाताच्या अंतरावर नको, टेबलाच्या खणात ठेव. वॉचवरून आल्यावर "पाच मिनिटं बघतो" म्हणून दोन तास रील्स बघणारी पोरं सकाळी सहाव्या महिन्यासारखी दिसतात, भले दुसराच महिना चालू असेना.

उजेडाचं आणि अंगाचं थोडक्यात. रोज एकदा डेकवर येऊन उन्हात उभा राहा, कामाशिवाय. रोज वीस मिनिटं जोर-बैठका काढ. कोल्हापूरच्या पोराला त्या कशा काढायच्या हे मी सांगायची गरज नाही.

आता माणसं. पूर्वी संध्याकाळी मेसमध्ये कॅरम चालायचा, एका सिनेमाच्या सीडीवर सगळे बसायचे, पत्रं एजंटच्या हातून महिन्यानं यायची. आता जहाजावर इंटरनेट आलं. 2024 च्या डिसेंबरपासून कन्व्हेन्शनमधल्या दुरुस्तीप्रमाणे, शक्य असेल तिथे खलाशांना इंटरनेटची सोय देणं हे मालकाच्या जबाबदारीत आलं आहे. मी याच्या पूर्ण बाजूचा आहे, 2019 ला माझ्याकडे ते असतं तर फिल्टरची गोष्टच झाली नसती. पण त्यामुळे मेसरूम रिकामी पडली हेही खरं. प्रत्येक जण आपापल्या केबिनमध्ये, हातात आपापलं घर. घरचं भांडण थेट वॉचवर येतं, आणि शेजारच्या केबिनमधला माणूस तीन दिवस जेवला नाही हे कुणाला कळत नाही.

तू एक नियम कर: दिवसातलं एक जेवण मेसमध्ये, बसून, निदान एकाशी बोलत. क्रू मिश्र असेल, भाषा येत नसेल, तरी. कांदा-लसूण चटणीचं पाकीट घेऊन जा, बंद पॅकिंगचं, आणि केबिनमध्ये लपवून खाऊ नकोस. चीफ कुकच्या हातात दे. भारतीय क्रूच्या जहाजावर रविवारी बिर्याणी ठरलेलीच असते. एखाद्या रविवारी त्याला विचार, रस्सा मी करू का. एका जहाजावर आमच्या फिटरनं तांबडा रस्सा केला होता. फिलिपिनो इलेक्ट्रिशियननं डोळे पुसत तीन वाट्या प्यायल्या, आणि पुढचे चार महिने तो फिटर एकटा कधीच बसलेला दिसला नाही. बंदरात तासभर जरी शोअर लीव्ह मिळाली तरी उतर. बऱ्याच बंदरांत खलाशांसाठी सीमेन्स क्लब असतो, मिशन टू सीफेरर्स या ख्रिस्ती संस्थेचे लोक तर जहाजावरही येतात. त्यांच्याशी बोलायला ख्रिश्चन असावं लागत नाही. ते कार्ड देतात, चहा देतात, आणि तुझ्या कंपनीचे नसतात, हे सगळ्यात महत्त्वाचं.

ओरडण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगतो, कारण बरीच पोरं हेच लपवतात. मुरिंगच्या वेळी, म्हणजे जहाज धक्क्याला बांधताना, दोर ताणलेला असताना चीफ ऑफिसर खेकसला तर ते मनाला लावून घेऊ नकोस, तुझा पाय वाचवायला तो ओरडतोय. पण रोज सगळ्यांसमोर आईबापावरून बोलणं, झोपेतून उठवून कारण नसताना काम लावणं, अंगाला हात लावणं, हे शिक्षणात बसत नाही. जहाजावर तक्रार करायची रीत लेखी असते आणि तिची प्रत प्रत्येक खलाशाला द्यावी लागते. चढल्यावर ती मागून घे. किनाऱ्यावर कंपनीचा एक नेमलेला माणूस असतो, त्याला डीपीए म्हणतात. आयएसएम कोड या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे तो थेट वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत जाऊ शकतो. त्याचं नाव आणि नंबर बोर्डावर लावलेला असतो, पहिल्याच दिवशी उतरवून घे. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेव. मी स्वतः एका जहाजावर असा प्रकार बघून गप्प राहिलो होतो, ज्युनिअर असताना. तो कॅडेट पुढच्या बंदरात उतरला आणि परत कधी जहाजावर आला नाही. ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

महिन्यांचा पण एक चढ-उतार असतो. पहिले तीन आठवडे घर ओढतं. मग अंग रुळतं. अर्धा कॉन्ट्रॅक्ट उलटला की एकसारखेपणाचा कंटाळा साचतो, तुझा सहावा महिना तोच. शेवटच्या दोन आठवड्यांत चॅनल फीव्हर, म्हणजे घरी जायच्या ओढीनं झोप नाही, लक्ष नाही. अपघात इथे पण होतात. आणि रिलीव्हर (बदली येणारा माणूस) लांबला, बंदर बदललं, की माणूस एका दिवसात कोसळतो. 2020 मध्ये कोविडमुळे क्रू चेंज थांबला तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले होते. माझा चार महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचा झाला. तेव्हा आम्ही मेसमधलं कॅलेंडर काढून टाकलं. "घरी जायला किती दिवस" हा हिशोब बंद केला आणि "या आठवड्यात कुठला जनरेटर ओव्हरहॉल करायचा" हा चालू केला. ते फार उपयोगी पडलं. तू पण हातात तिकीट आल्याशिवाय घरी तारीख सांगू नकोस. "गणपतीला येतोय" म्हणून सांगितलंस आणि आलं नाही, तर दोन्हीकडची माणसं मोडतात. करासाठी एनआरआय ठरायला लागणारे परदेशातले दिवस भरायचे म्हणून कॉन्ट्रॅक्ट वाढवून घ्यायचा मोह होईल. तेव्हा आधी डायरीतले मागचे पंधरा आकडे बघ.

पैशाचं एकच सांगतो. कर्ज डोक्यावर असलेला मुलगा जहाजावर "मला त्रास होतोय" असं म्हणूच शकत नाही, कारण उतरणं त्याला परवडत नाही. नोकरी लावायचे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस. कंपनीकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स आहे का ते बघ, आणि लायसन्सवाल्यालाही खलाशाकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. पगारातून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडू दे, बुलेट नंतर घे.

आता 43.

चार-पाच रात्री झोपच नाही, अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, आपण नसलेलो बरं असं मनात येतं, रेलिंगपाशी उभं राहिल्यावर पाणी ओढतंय असं वाटतं. यातलं शेवटचं एकदा जरी आलं, तरी ती धोका पातळी समज. तेव्हा विचार करत बसायचं नाही, एकट्यानं डेकवर जायचं नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या केबिनचा दरवाजा वाजवायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि सरळ सांगायचं, "मला एकट्याला ठेवू नका." मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, पण कॅप्टन किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला कधीही घेऊ शकतो, आणि गरज पडली तर जहाज वळवतात. माझ्यासमोर वळवलेलं आहे. सीफेररहेल्प ही खलाशांसाठीची मोफत मदतसेवा 24 तास चालू असते, नंबर जायच्या आधीच फोनमध्ये ठेव. भारतात असताना टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. उद्या दुसरं कुणी असं दिसलं तर त्याला स्पष्ट विचार, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात जात नाही, असेल तर बाहेर येतो. मग त्याच्याजवळ बस आणि कॅप्टनला कळव. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस.

गेल्या वेळची झोप अजून रुळली नसेल, तर जॉइनिंगच्या आधी डॉक्टरांना दाखव. औषध सुरू झालं तर मेडिकलच्या वेळी लपवू नकोस आणि चिठ्ठी बरोबर ठेव. गरज वाटली तर जॉइनिंग महिनाभर पुढे ढकल. माझ्या ओळखीच्या एका मुलानं तसं केलं. तो आज थर्ड ऑफिसर आहे.

आणि आई. तिला सांग.

सगळं एका दमात ओतू नकोस. ती भाकऱ्या थापत असेल तेव्हा शेजारी बस, हात कामात असले की ऐकणं सोपं जातं. "पहिले वीस दिवस मी रोज रडायचो, मग थांबलं. सहाव्या महिन्यानंतर झोप गेली होती." एवढंच पहिल्या दिवशी. ती रडेल, रडू दे. "मग जाऊच नको" म्हणेल, तेव्हा वाद घालू नकोस. दुसऱ्या दिवशी तिला तिचं काम दे, कारण घरच्यांना काळजीपेक्षा काम बरं. एका कागदावर जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), कंपनीचा इमर्जन्सी फोन आणि एजंटचा फोन लिहून देवघराच्या खणात ठेवायला सांग. फोन दोन दिवस लागला नाही तर काय समजायचं आणि किती दिवसांनी कंपनीला विचारायचं, ते ठरवून घ्या. वाईट बातमीचं पण आत्ताच बोला. एका मुलाचे आजोबा वारले, घरच्यांनी दोन महिने लपवलं, आणि त्याला ते चुलत भावाच्या स्टेटसवरून कळलं, वॉचवर जायच्या दहा मिनिटं आधी. तेव्हा घरात एकच माणूस ठरवा जो खरं सांगेल, आणि तो आधी विचारेल, "आता ड्यूटी आहे का?" मुलगा भर समुद्रात असेल तर पुढच्या बंदराशिवाय उतरता येत नाही, अंत्यविधीला पोचता येईलच असं नाही, हेही आईला आजच माहीत असू दे.

जायच्या आधी एकदा तिला आमच्याकडे घेऊन ये. मी आहेच, पण तिनं बोलायचं आहे माझ्या बायकोशी. 2019 चे ते पुराचे दिवस तिचे कसे गेले आणि माझा आवाज ऐकल्यावर मेव्हण्याच्या घरी ती काय बोलली, हे मला तिनं मी कायमचा घरी आल्यावर सांगितलं. तुझ्या आईला ती पहिल्या चहालाच सांगेल.